चोर स्विच कुणी सांगत नाही

संपादकसाहेबांचा फोन आला तेव्हा मी एका गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणा पडलेलो होतो. म्हणाले, "हमीदभाई, दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा. गॅरेजमधल्या गमतीजमती. लोकांना हसू येईल असं." मी "हं" म्हणालो, कारण दातात टेप धरलेली होती आणि जास्त बोलता येत नव्हतं. आता लिहायला बसलो तर गमती आठवतच नाहीत. राग आठवतो. तर रागच लिहितो. हसू आलं तर हसा, माझी ना नाही.

केजमध्ये अंबाजोगाई रोडला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. इंजिन खोलणारा मिस्त्री वेगळा, मी विजेचा मिस्त्री. सेल्फ, डायनॅमो, हॉर्न, लाइट, आणि सगळ्यात डोकं खाणारं काम म्हणजे इग्निशन, इंजिनात ठिणगी पाडायचं काम. आता नजर अधू झाली, रोज दुकानात जात नाही. पण पॉइंटवाली जुनी पेट्रोल गाडी आली की घरी निरोप येतो. नव्या गाडीला कॉम्प्युटर जोडला की तो बिघाड सांगून मोकळा होतो. जुन्या गाडीचं तसं नाही. तिची हकीकत मालकाच्या तोंडून ऐकावी लागते, आणि मालक खोटं बोलतो. माझं डोकं सटकतं ते इथं.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. पेट्रोल इंजिन ठिणगीवर चालतं. बॅटरीचा करंट ठिणगी पाडायला कमी पडतो, म्हणून मध्ये कॉइल असते. ती लहान करंटचा मोठा झटका करते. पण झटका कधी द्यायचा ते तिला कळत नाही, ते काम पॉइंटचं. डिस्ट्रिब्युटर नावाच्या डब्यात नखाएवढे दोन पॉइंट असतात. इंजिन फिरेल तशी त्यांची उघडझाप होते. मिटलेले असताना कॉइलमधून करंट वाहतो, उघडले की ठिणगी पडते. ही उघडझाप नीट चालू आहे तोवर गाडी चालू. म्हणून गाडी बंद पडली की मी एवढंच शोधतो, करंट कुठपर्यंत आला आणि कुठं अडला. त्यासाठी माझ्याकडं एक टेस्ट लॅम्प आहे. एक बल्ब, एक सुई, एक चिमटा. सुई टोचायची आणि बघायचं, पेटला का नाही.

हे एवढंही न बघता जे सामान बदलत सुटतात, त्यांना मी मिस्त्री म्हणत नाही. गाडी माझ्याकडं येते तेव्हा कॉइल नवी, प्लग नवे, कंडेन्सर नवा, आणि बिघाड जुनाच. "बदलून बघू" असं कुणी माझ्या दुकानात म्हटलं की मी त्याला आधी दुकानाबाहेर काढतो. अरे, माणसाला ताप आला तर तू त्याचं डोकं बदलून बघतोस काय बे?

पण त्यांच्यापेक्षाही माझं रक्त कुणी आटवलं असेल तर ते चोर स्विचनं.

एक काळ होता, आपल्याकडं सेकंडहँड गाडी घेतली की आधी सीटला कव्हर, मग पुढं देवाचा फोटो, आणि मग चोर स्विच. कॉइलवरून पॉइंटकडं जी वायर जाते, तिथूनच एक जास्तीची वायर काढायची. ती गाडीत कुठंतरी लपवलेल्या बटणापर्यंत न्यायची आणि बटणाचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला जोडायचं. बटण दाबून ठेवलं की करंट पॉइंटला विचारतच नाही, परस्पर पत्र्यात उतरतो. पॉइंट बिचारे उघडझाप करत बसतात, ठिणगी काही पडत नाही. सेल्फ गरगर फिरतो, गाडी चालू होत नाही, चोर घाम पुसत निघून जातो. युक्ती झकास आहे. फ्यूज उडत नाही, काही जळत नाही, बाहेरून काही दिसत नाही. अडचण एकच. बटण कुठं आहे ते मालक कुणाला सांगत नाही. बायकोला नाही, पोराला नाही, आणि ज्याच्या हातात गाडी दिली त्या मिस्त्रीलाही नाही. डॉक्टरपुढं शर्ट काढतील, माझ्यापुढं स्विच काढणार नाहीत.

अंबाजोगाईचे एक फळांचे व्यापारी हजला गेले आणि स्विचचं गुपित बरोबर घेऊन गेले. इकडं घरच्यांना पोरीच्या सोयरिकीसाठी पाहुण्यांकडं जायचं होतं आणि गाडी चालू होईना. मी अर्धा डॅशबोर्ड खोलला, सापडेना. शेवटी त्यांच्या पोरानं तिकडं फोन लावून माझ्या हातात दिला. हाजीसाहेब पहिल्यांदा काय विचारतात? "हमीद, बाजूला कोण आहे?" मी म्हणालो, "तुमचाच पोरगा आहे." तर म्हणाले, "मग जरा लांब जा." मी पार रस्त्याच्या पलीकडं गेलो, तेव्हा त्यांनी कुजबुजत सांगितलं की बटण मागच्या काचेखाली, स्पीकरच्या आत आहे. आणि वर कसम घातली, पोराला सांगू नकोस. गाडी चालू केल्यावर पोरानं विचारलं, "चाचा, क्या किया?" मी म्हणालो, "दुआ की." दुसरं काय सांगणार!

ही झाली संपादकसाहेबांची गंमत. आता माझी हकीकत ऐका.

दत्तूआबा नांदूरघाटचे. त्यांचं भुसार मालाचं दुकान आहे. घरात आबा आणि त्यांची बायको सुमनवहिनी. एकुलता एक मुलगा गणेश पुण्याला कंपनीत. त्याचं लग्न झालं, पण पुण्यात धड खोली मिळेना, म्हणून त्याची बायको शीतल इथं सासू-सासऱ्यांजवळ राहायची. शीतलचं माहेर लिंबागणेशकडचं, बाप नाही, आई एकटी. आबांची गाडी पांढरी, जुनी, पण आरशासारखी पुसलेली. विकायचं नाव काढलं की आबा तोंड फिरवून बसायचे. आबा चालवणार, वहिनी शेजारी बसणार, मागची सीट रिकामी. पोतं-बितं न्यायचं तर दुकानाचा टेंपो होता. वर्षानुवर्षं असंच चाललेलं.

गणेशचं लग्न झालं आणि ही गाडी रस्त्यात बंद पडायला लागली.

पहिल्यांदा गाडी माझ्याकडं आली तेव्हा तिघंही बरोबर होती, अंबाजोगाईहून शीतलची तपासणी करून परत चालले होते. आमच्याकडं एक रीत आहे. गाडीचं बॉनेट उघडलं की बायकांनी उतरायचं. रस्त्यात असतील तर बाभळीखाली जाऊन उभं राहायचं, गॅरेजमध्ये असतील तर लिंबाखालच्या खुर्च्यांवर बसायचं. कुणी सांगावं लागत नाही. मीच मोठ्या अदबीनं म्हणतो, "वहिनी, सावलीत बसा, चहा सांगतो." मग पुरुष मंडळी इंजिनाभोवती उभी राहतात आणि ज्याला काही कळत नाही तो सगळ्यात जास्त बोलतो. तशा त्या दोघी उतरल्या. शीतलला पाचवा-सहावा महिना असावा.

आबा म्हणाले, "लग्न झालं तवापासून खोड लागलीय बगा, मिस्त्री. चालता चालता झटके देती आन् मरती. जरा थांबलं की चालू व्हती. पुन्यांदा थोडं गेलं की मेली."

तेवढ्यात खुर्चीवरून वहिनींचा आवाज आला, "पांढऱ्या पायाची आली घरात, दुसरं काय!"

हे त्या हळू बोलल्या नाहीत. शीतल त्यांच्या शेजारीच बसली होती. तिनं मान खाली घातली आणि चपलेच्या टोकानं माती उकरत राहिली. मला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, पण दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात मिस्त्रीनं तोंड घालू नये म्हणतात. मी बॉनेटमध्ये तोंड घातलं.

थांबलं की चालू, चाललं की बंद. असं कुणी सांगितलं की बहुतेक वेळा कॉइल गरम होऊन मरत असते. म्हणून मी आबांना शेजारी बसवून गाडी दामटत लांबपर्यंत नेली. ऊन रणरणतं, इंजिन तापलेलं, गाडी लोण्यासारखी पळतेय. एक झटका नाही. परत येऊन कॉइलला हात लावला तर कोमट. पॉइंट उघडून बघितले, स्वच्छ. तेवढ्यात कॉइलवर मला एक जास्तीची वायर दिसली. ती बाकीच्या वायरींच्या जुडग्यात शिरून मागं कुठंतरी गेलेली.

मी विचारलं, "आबा, ही कशाची?"

"ती व्हय? ती गॅस किटची. किट काढलं, वायर ऱ्हायली."

पटण्यासारखं होतं. गॅसची टाकी डिकीत असते, वायर मागं जातेच. तरी मी स्पष्ट विचारलं, "चोर स्विच तर नाही ना लावलेला?"

"न्हाई बा. चोर स्विच कशाला लावू मी?"

दुसऱ्याची वायर न विचारता तोडायची नाही आणि मालकाच्या तोंडावर त्याला खोटं म्हणायचं नाही, हे माझे दोन नियम. मी म्हणालो, "आबा, मला तरी गाडीत काही दोष दिसत नाही. पुन्हा बंद पडली तर जागची हलवू नका, मला फोन करा." त्यांना बसवलं, चहाचे कप उचलले आणि दुसऱ्या गाडीला लागलो. फोन काही आला नाही. मी समजलो, मिटलं.

कुठलं मिटतंय! दोन-अडीच महिन्यांनी भर दुपारी एक पोरगी दुकानापुढं येऊन उभी राहिली. आधी ओळखलंच नाही. चेहरा सुजलेला, पाय असे सुजलेले की चपलेचा पट्टा मांसात रुतलेला, पोट समोर आलेलं. शीतल होती. गावातल्या आशाताईंबरोबर एसटीनं अंबाजोगाईला निघाली होती, केजला गाडी बदलायची म्हणून उतरली आणि आशाताईंना स्टँडवर बसवून चालत माझ्याकडं आली.

खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "मामू, एक विचारू का? पर खरं सांगा. मानसामुळं गाडी बंद पडती का?"

माझ्या तोंडात शिवीच आली होती. तिच्याकडं बघून गिळली. म्हणालो, "कोण म्हणतं असं?"

"सगळेच म्हनतेत. आन् मामू, खोटं बी न्हाई. मी डोळ्यानं बगते की. गाडी मरती, मला उतर म्हनतेत. मी उतरते, मामंजी चावी फिरवतेत, लगेच चालू. मी बसते, पुन्यांदा मरती. आदी लांब जाऊन मरायची, आता तर दारातच मरती. मागल्या तपासनीला तीनदा बसले आन् तीनदा मेली. आत्याबाई म्हनल्या, तू उतरच. मी उतरले. मग ती दोघंच गेली, बाजार करून आली."

"आणि तपासणी?"

"ऱ्हायली. डॉक्टरबाई लई रागावल्या फोनवर. माजं बीपी वाढतंय, एक बी तपासनी चुकवू नको म्हनल्या, आन् बसचे धक्के खात येऊ नको म्हनल्या. पर गाडीत तर मला बसवत न्हाईत आता." तिनं पदरानं घाम पुसला. "पुढल्या आठवड्यात आईकडं पाठवनार हायेत. पैलं बाळंतपन हाय, तसं बी जायचंच असतं. पर मला म्हनलेत, तिकडंच ऱ्हा. ह्यांना फोन केला तर हे म्हनतेत, आईचं ऐक. आन् पोटातल्याला बी आत्तापासून बोलतेत मामू, आईच्या पोटातनंच अपशकुन घिऊन यायलंय म्हनतेत. मला बोललेलं मी सोसलं. ह्याला कावून बोलतेत?"

मी काही बोलणार तेवढ्यात तिनं पुढचं सांगितलं. "आत्याबाई आता तुमचंच नाव सांगतेत साऱ्या गावात. केजच्या मिस्त्रीनं तपासलं, गाडीत दोष न्हाई म्हनला, मग दोष कुनात हाय, तुमीच बगा."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. माझं तोंड, माझा शब्द, आणि त्याचा दगड करून हिच्या कपाळावर मारला होता. हातात पान्हा होता, तो मी कुठं भिरकावला मला आठवत नाही. शेजारचा पंक्चरवाला "काय झालं, काय झालं" करत धावत आला, एवढं आठवतं. त्याला हाकललं आणि मी समोर स्टूल ओढून बसलो.

एक सांगतो. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना गाडीची हकीकत विचारतोय, पण बिघाडाची एवढी सरळ हकीकत मला कुणी सांगितली नव्हती. बसली की मरते, उतरली की चालू होते, आणि पोट वाढेल तशी लवकर मरते. आबा ह्यातलं एक अक्षर बोलले नव्हते. त्यांनी "जरा थांबलं की चालू" एवढंच सांगितलं, आणि त्या थांबण्यात सून खाली उतरते, हे त्यांच्या लेखी गाडीच्या हकीकतीत धरायचंच नव्हतं. आणि आम्ही सगळे मिस्त्री, आम्ही तर आधी बायका उतरवायचो आणि मग बिघाड शोधायचो.

"तू बसतेस कुठं?" मी विचारलं.

"मागं. डाव्या अंगाला, खिडकीपाशी. मळमळतंय म्हनून."

"दुसरीकडं कधी बसलीस?"

तिनं आठवून बघितलं. "एकदा डावं दार अडकलतं. उजव्या अंगाला बसलते."

"त्या दिवशी मेली?"

"न्हाई..." ती माझ्याकडं बघत राहिली. "त्या दिवशी न्हाई मेली, मामू."

ती मागं गेलेली वायर माझ्या डोळ्यापुढं आली. मी म्हणालो, "बेटी, माणसामुळं गाडी बंद पडत नसते. वजनामुळं पडते. तू आज तपासणी करून घे. उद्या मी येतो नांदूरघाटला." तिला रिक्षात बसवून स्टँडला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी गेलो. आबा दुकानात होते. मला बघून म्हणाले, "मिस्त्री, तुमी कसं काय? बोलावलं तर न्हाई." मी म्हणालो, "एक गोष्ट बघायची राहिली होती. गाडी दारात घ्या." गाडी दारात आली, तशी दोन-चार माणसं सवयीनं गोळा झाली. मी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि टेस्ट लॅम्पची सुई कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला लावली. पॉइंट उघडले की लॅम्प पेटतो, मिटले की विझतो, म्हणून तो लुकलुकत होता. सगळ्यांना दिसेल असा काचेवर ठेवला.

"शीतल, ये, तुझ्या जागेवर बस."

ती आली. ती बसली, सीट दबली, लॅम्प विझला आणि इंजिन उचकी देऊन बंद पडलं.

"बगा! बगा!" वहिनी ओट्यावरून ओरडल्या. "म्हनलं नव्हतं मी? आता तर मिस्त्रीच्या डोळ्याम्होरं मेली!" गोळा झालेल्यांतला एक जण च्यक् च्यक् करायला लागला.

मी शीतलला उतरवलं, चावी फिरवली, गाडी चालू झाली. म्हणालो, "वहिनी, आता तुम्ही बसा. त्याच जागेवर."

"मी? मी कावून बसू?"

"बसा तर खरं."

"माजे गुडघे दुखतेत."

"गुडघे दुखतात म्हणूनच बसा म्हणतोय, पळा नाही म्हणालो."

"न्हाई बसायचं मला. लोकांच्या म्होरं काय तमाशा लावलाय?"

मग माझा ताबा सुटला. मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की पलीकडच्या गल्लीतली माणसं आली. आबा पुढं झाले, "मिस्त्री, बाईमानसाशी असं बोलतेत व्हय?" मी म्हणालो, "आबा, ही पोरगी बाईमाणूस नाही का? माझं नाव घेऊन गावभर तिच्या पायाचा रंग सांगत फिरलात, तेव्हा ही रीत कुठं गेली होती? वहिनी, बसा!"

वहिनी बसल्या. पदर सावरत, देवाचं नाव घेत, अगदी टोकावर बसल्या. मी म्हणालो, "मागं सरका." सरकल्या. लॅम्प विझला. गाडी मेली.

वहिनी तशाच बसून राहिल्या, हात सीटवर टेकलेले, तोंड उघडं. मी म्हणालो, "उतरा. आबा, दुकानातनं ज्वारीचं एक पोतं आणा."

पोतं आलं. त्या जागेवर ठेवलं. गाडी मेली. काढलं, चालू झाली. परत ठेवलं, परत मेली.

"काय आबा," मी म्हणालो, "ज्वारी पण पांढऱ्या पायाची का?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. आबा हसले नाहीत. मी मागची सीट उचलून बाहेर काढली. खाली धूळ, शेंगांची टरफलं, आणि डाव्या कोपऱ्यात दारातून हात घातला की लागेल असं काळं बटण. बटणाच्या अलीकडं वायरीला जोड दिलेला, त्यावरची टेप वाळून भुगा झालेली, आतली तार उघडी. नेमकी तिच्यावर सीटची स्प्रिंग येत होती. माणूस बसला की स्प्रिंग तारेला टेकायची आणि करंट पत्र्यात उतरायचा. बटण न दाबताच दाबल्यासारखं व्हायचं. तार घासून घासून चकाकत होती.

"आबा, हे काय आहे?"

आबा बारीक आवाजात म्हणाले, "चोर स्विच."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"आवो, पर..." त्यांनी आजूबाजूच्या माणसांकडं बघितलं. "चोर स्विच कुनी सांगत असतं का, मिस्त्री?"

तोबा! घरातली पोर, तिच्या पोटातलं लेकरू, डॉक्टरबाईची ताकीद, पोराचा संसार, सगळं पणाला लागलं तरी ह्या माणसाचं गुपित पोटातून बाहेर आलं नाही. मी म्हणालो, "आबा, चोरासाठी स्विच लावलात. चोर एवढ्या वर्षांत एकदाही आला नाही. आणि धरलंत कुणाला? घरच्या सुनेला."

तुम्हाला वाटेल, इथं सासू-सासऱ्यांचे डोळे भरून आले असतील. छे! आबांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "चला, सापडलं एकदाचं. आवो, चहा टाका मिस्त्रीला." जमलेली माणसं पण मोकळी झाली, "वायरच व्हती व्हय!" म्हणत पांगायला लागली. आबांनी बॉनेटवर प्रेमानं हात फिरवला. गाडीची माफी मागितल्यासारखं केलं. दाराला टेकून उभ्या असलेल्या पोरीकडं एकानंही बघितलं नाही. मी चहा घेतला नाही. आजवर त्या घरचा घेतलेला नाही.

मी वायर कॉइलपासून तोडली, बटणासकट मागून ओढून काढली. शीतल जवळ आली आणि तळहात पुढं केला. "मामू, तो जोडाचा तुकडा मला द्या." मी उघड्या तारेचा तुकडा कापून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो पदराच्या गाठीत बांधला.

"काल डॉक्टरबाई काय म्हणाल्या?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"बीपी उतरलं न्हाई. आज सामान घिऊन या, भरती करायचंय म्हनल्या. मी राती सांगितलं घरात."

"मग?"

आबा काच पुसायला लागले. मी सीट जागेवर बसवली, आबांच्या हातात चावी ठेवली आणि म्हणालो, "निघा. आत्ता."

शीतल आत जाऊन पिशवी घेऊन आली. सवयीनं मागच्या दाराशी गेली, थांबली, आणि पुढचं दार उघडून पुढं बसली. बरोबर निघालेल्या वहिनी आपली पिशवी हातात घेऊन रस्त्यात उभ्या राहिल्या. शीतल काचेतून म्हणाली, "आत्याबाई, तुमी मागं बसा. डाव्या अंगाला." वहिनी बसल्या. गाडी चालू होती ती चालूच राहिली. मी माझ्या मोटारसायकलवर मागं मागं केजपर्यंत आलो, माझ्या दुकानासमोरून ती गाडी अंबाजोगाईकडं गेली तेव्हा मी हात वर केला.

मुलगी झाली. आईचं बीपी पार हाताबाहेर गेलं होतं, पण भरती झालेली होती म्हणून वाचली, असं आशाताई म्हणाल्या. घरी परत जाताना आबांनी गाडी माझ्या दुकानापुढं उभी केली. शीतल पुढं, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू. वहिनी मागं. आबांनी बर्फीचा पुडा पुढं केला. वहिनींनी मागच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मी म्हटलं, आता तरी पोरीला दोन शब्द चांगले बोलतील.

"मिस्त्री, नात लई गुनाची हाय बगा," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातनं निगताना एका सेल्फला चालू झाली गाडी. वाटंत एक झटका न्हाई. लक्ष्मीच्या पायानं आली पोरगी."

माझ्या हातात बर्फी होती, ती तशीच राहिली. डोकं परत फिरलं माझं. म्हणजे वायर गेली, पाय राहिलेच! आज ही लक्ष्मी, आणि उद्या बॅटरी उतरली, परवा प्लग खराब झाला, तर ह्याच लेकराच्या पायाचा रंग बदलायला ह्यांना किती वेळ लागणार? मी खिडकीशी वाकलो, तोंड उघडलं.

माझ्या आधी शीतल बोलली. तिनं पदराची गाठ सोडली, तारेचा तो तुकडा दोन बोटांत धरला आणि मागं न बघता खांद्यावरून मागं केला.

"वायर व्हती, आत्याबाई. तवा वायरीमुळं मरायची, आन् आता वायर काढली म्हनून चालती. माज्या लेकीचे पाय गाडीला लावू नका. चांगले बी न्हाई, वाईट बी न्हाई."

वहिनींनी डोकं आत घेतलं. आबांनी चावी फिरवली. तोंड उघडलंच होतं, मी त्यात बर्फी टाकली.